हद्दीवरची गावे कोणाची?

प्रति,
मा. ग्रामविकास मंत्री आणि मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

हे पत्र आपणा दोघांना मिळून लिहीत आहे, कारण त्यातला प्रश्न आज दोन खात्यांच्या मध्ये पडून आहे. महाराष्ट्रात विकासाचा विषय निघाला की आपण सवयीने दोन याद्या करतो. एका यादीत खेडी येतात: रस्ता, पिण्याचे पाणी, शाळा, शेतमालाचा भाव. दुसऱ्या यादीत शहरे येतात: मेट्रो, उड्डाणपूल, सांडपाणी, झोपडपट्टी पुनर्वसन. दोन्ही याद्यांतले प्रश्न खरे आहेत. पण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत राज्यात जी वाढ झाली, तिचा मोठा वाटा अशा ठिकाणी आहे जी यांतल्या एकाही यादीत नीट बसत नाहीत. कागदावर ती गावे आहेत. तिथे सरपंच आहे, ग्रामसभा आहे, सातबारा आहे. प्रत्यक्षात तिथे बहुमजली इमारती आहेत, गोदामे आहेत, कारखान्यांच्या पाळ्या आहेत आणि सकाळ-संध्याकाळ वाहनांच्या रांगा आहेत. माझे म्हणणे थोडक्यात असे: पाणी, सांडपाणी, कचरा आणि रस्ते या सेवा त्या ठिकाणाला गाव म्हणतात की शहर यावर अवलंबून राहू नयेत. तिथे किती लोक राहतात, किती दाटीने राहतात आणि कशावर पोट भरतात, यावर त्या ठरल्या पाहिजेत. तशी व्यवस्था लावणे बहुतांशी राज्य सरकारच्याच हातात आहे.

ही काही मोजक्या गावांची गोष्ट नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती आणि तिच्यातले ४५ टक्क्यांहून थोडे अधिक लोक शहरी होते. जनगणनेने राज्यात ५३४ शहरे मोजली. त्यांतल्या २५६ ठिकाणी महापालिका, नगरपरिषद यांसारखी कायद्याने स्थापलेली नागरी संस्था होती. उरलेली २७८ ही ‘जनगणना शहरे’ होती. पाच हजारांहून अधिक वस्ती, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात, या तीन कसोट्यांवर ती शहरे ठरली. कारभार मात्र ग्रामपंचायतीचाच राहिला. २००१ मध्ये अशी ठिकाणे १२७ होती, म्हणजे दहा वर्षांत ती दुपटीहून अधिक झाली. पुढे तालुक्याच्या अनेक गावांना नगरपंचायती मिळाल्या, काही गावे महापालिकांत गेली. तरी मूळ मुद्दा उरतोच. जनगणनेच्या हिशेबाने राज्यातल्या निम्म्याहून अधिक शहरांना शहराचा कारभारच नव्हता, आणि ती शहरे झाली आहेत हे सरकारच्याच एका यंत्रणेने लिहून ठेवले होते.

या ठिकाणांकडे केवळ समस्या म्हणून पाहू नये, अशी माझी पहिली विनंती आहे. शेतकरी कुटुंबातली पहिली बिगरशेती नोकरी बहुतेकदा मुंबई-पुण्याच्या मध्यभागी मिळत नाही. ती घरापासून दुचाकीच्या अंतरावर मिळते: औद्योगिक वसाहतीत, शीतगृहात, गोदामात, गॅरेजमध्ये, बाजार समितीच्या आवारात. लासलगावचा कांदा आणि नारायणगावचा टोमॅटो यांच्याभोवती हमाली, प्रतवारी, वाहतूक, क्रेट-गोणी आणि हिशेब ठेवण्याची कामे उभी राहिली. चाकणमध्ये कांद्याचा बाजार आणि मोटारींचे कारखाने एकाच परिसरात आहेत. शेती न सोडता घरातल्या एकाने पगार आणावा, मुलीने बसने कॉलेजला जाऊन रात्री घरी परतावे, दवाखाना तालुक्याला जाण्याआधीच गाठता यावा, या गोष्टी अशाच ठिकाणी शक्य होतात. ग्रामीण आणि नागरी विकासाची सांगड घालायची असेल, तर ती घालण्याची जागा हीच आहे. पण चाकणला फोक्सवागनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला आणि नगरपरिषद २०१५ मध्ये आली. मधली सहा वर्षे जागतिक कंपन्यांच्या पुरवठादारांचा, कामगारांचा आणि अवजड वाहनांचा भार खेड्यासाठी आखलेल्या यंत्रणेने वाहिला. त्या काळात झालेल्या अरुंद गल्ल्या आणि न आखलेली गटारे आता कोणत्याही नगरपरिषदेला सहज दुरुस्त करता येत नाहीत.

गाव आणि शहर यांच्यातली रेघ सरकारने एका बाबतीत स्वतःच पुसली आहे. डिसेंबर २०२० मध्ये एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर झाली. मुंबई आणि काही अपवाद वगळता ती राज्यभर लागू आहे. प्रादेशिक योजनेतल्या गावांनाही आहे. ग्रामपंचायतीच्या हद्दीत उंच इमारत बांधायला त्यामुळे सुस्पष्ट नियम मिळाले, आणि ते चांगलेच झाले. पण त्या इमारतीत राहायला येणाऱ्या माणसाच्या पाण्याचा हिशेब मात्र जुन्या रेघेवरच अडला आहे. जल जीवन मिशनमध्ये गावासाठी माणशी दिवसाला ५५ लिटर धरले जातात. सांडपाण्याची वाहिनी असलेल्या शहरासाठी नियोजनाचा मापदंड १३५ लिटरचा आहे. विखुरलेल्या वाडीसाठी ५५ लिटरचा आकडा समजण्यासारखा आहे. फ्लश असलेल्या, वीस मजल्यांच्या, शेकडो सदनिकांच्या संकुलासाठी तो निरर्थक आहे. बांधायचे ते शहराच्या नियमाने आणि पाणी द्यायचे ते खेड्याच्या नियमाने, ही विसंगती कोणा एका अधिकाऱ्याची चूक नाही. दोन खाती आपापल्या जागी नियमाप्रमाणे वागली, तरी एकत्र परिणाम हाच होतो.

पैशाचेही तसेच आहे. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१५ मध्ये स्थापन झाले. त्याच्या क्षेत्रातल्या गावात बांधकामाची परवानगी प्राधिकरण देते आणि विकास शुल्क प्राधिकरणाकडे जमा होते. इमारत उभी राहिली की घरपट्टी ग्रामपंचायत घेते आणि दिवाबत्ती, कचरा, गल्लीतले रस्ते तिच्या गळ्यात येतात. शाळा जिल्हा परिषदेची, धरण जलसंपदा विभागाचे, मोठा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा औद्योगिक विकास महामंडळाचा. हिंजवडीत पावसाचे पाणी रस्त्यावर तुंबले, की ते कोणाच्या रस्त्यावरून कोणाच्या नाल्यात जायला हवे होते, यावरच पहिले काही दिवस जातात. पाण्याचा स्रोत नसतानाही परवानगी मिळते, कारण सार्वजनिक पुरवठा सुरू होईपर्यंत पाणी देण्याचे हमीपत्र विकासक लिहून देतो. सदनिका विकल्या जातात, सोसायटीची नोंदणी होते, विकासक पुढच्या प्रकल्पाकडे वळतो आणि हमीपत्र फाइलमध्ये राहते. त्यानंतर सोसायटीच्या मासिक देखभाल खर्चातला मोठा आकडा टँकरचा असतो. ज्या विहिरी आणि कूपनलिकांमधून ते टँकर भरतात, त्या शेजारच्या शेतकऱ्याच्या पाणीपातळीवरच चालतात. म्हणजे नव्या रहिवाशाला महाग पाणी आणि जुन्या रहिवाशाला कोरडी विहीर. तोटा दोघांचाही होतो.

हा तोटा केवळ पैशांचा नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गिया-बारे सिंड्रोम या आजाराचा उद्रेक झाला. संशयित रुग्णांचा आकडा पुढे दोनशेच्या वर गेला. रुग्ण मोठ्या संख्येने सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यातले होते. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, जो दूषित पाणी आणि अन्नातून पसरतो, आणि संशयाची सुई पाण्याकडे वळली. यातली नांदेड, किरकटवाडी आणि खडकवासला ही गावे जून २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली होती. साडेतीन वर्षांनंतरही नांदेडच्या विहिरीतले पाणी शुद्धीकरण केंद्रातून न जाता, केवळ क्लोरिन मिसळून नळाला सोडले जात होते. खडकवासला धरण जवळच आहे, ज्याच्या पाण्यावर पुणे शहर उभे आहे. धरणाच्या कुशीतल्या वस्तीला शुद्ध पाणी मिळण्याआधी लोकांना अतिदक्षता विभागात जावे लागते, तेव्हा प्रश्न निधीच्या टंचाईपेक्षा जबाबदारीच्या रचनेचा असतो.

यावर पहिला आक्षेप असा येतो की उपाय सोपा आहे: अशी गावे शेजारच्या महापालिकेत घालावीत. नांदेडचे उदाहरणच त्याचे उत्तर देते. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. क्षेत्रफळ ५१६ चौरस किलोमीटरवर जाऊन ती राज्यातली सर्वांत मोठी महापालिका झाली. पण हद्द एका अधिसूचनेने वाढते, जलवाहिनी तशी वाढत नाही. शिवाय गावांच्या ग्रामपंचायती विसर्जित झाल्या आणि मार्च २०२२ पासून महापालिकेतही प्रशासक आला. त्यामुळे ऐन संक्रमणाच्या काळात या लोकांचे म्हणणे मांडायला ना सरपंच होता, ना नगरसेवक. वाढीव मिळकतकर आणि न आलेल्या सुविधा यांमुळे फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे पुन्हा बाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करावी लागली. शहराचा कचरा वर्षानुवर्षे ज्यांच्या शिवारात पडला, त्याच या दोन गावांवर ही धरसोड झाली. कल्याणजवळच्या २७ गावांची कथा आणखी लांब आहे. १९८३ मध्ये ती महापालिकेत आली, २००२ मध्ये वगळली गेली, २०१५ मध्ये पुन्हा आली, २०२० मध्ये त्यांतली १८ वगळण्याचा निर्णय झाला आणि तो उच्च न्यायालयात टिकला नाही. चाळीस वर्षे हद्दीवर वाद झाला आणि तेवढ्या काळात त्या गावांत बेसुमार बांधकामे उभी राहिली. समावेश कधीच करू नये, असे मी म्हणत नाही. सेवा आधी आणि समावेश नंतर, हा क्रम असावा, एवढेच म्हणणे आहे.

दुसरा आक्षेप शहरांकडून येतो: या गावांना शहराच्या सोयी हव्यात, पण शहराचा कर नको. यात तथ्य आहे आणि ते नाकारून चालणार नाही. ज्याची जमीन गुंठ्यावर विकली जाते, त्याने पन्नास वर्षांपूर्वीची घरपट्टी द्यावी, हे न्याय्य नाही. पण विरोधाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. गाव नागरी क्षेत्रात गेले की ग्रामीण भागासाठीच्या योजना सुटतात: रोजगार हमीचे काम, ग्रामीण घरकुल, जिल्हा परिषदेच्या सवलती. गावात जमीन विकून बंगला बांधलेला माणूस असतो, तसाच दोन म्हशींवर आणि मोलमजुरीवर जगणारा भूमिहीनही असतो. एका अधिसूचनेने दोघांना एकाच दिवशी ‘शहरी’ ठरवले, तर पहिल्याला फारसा फरक पडत नाही आणि दुसऱ्याचा आधार जातो. कोल्हापूरची महापालिका १९७२ मध्ये झाली. त्यानंतर अनेक दशके हद्दवाढीची आंदोलने आणि प्रतिआंदोलने होत राहिली आणि हद्द तीच राहिली. तोडगा म्हणून २०१७ मध्ये ४२ गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण काढले गेले. परवानग्यांसाठी एक नवी पायरी आली. पाणी, गटार आणि कचरा यांसाठी लागणारे बळ काही आले नाही. आणखी एक प्राधिकरण काढून हा प्रश्न सुटत नाही, हा कोल्हापूरचा धडा आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हद्दीवरच्या गावांना अधिक दिले, तर धडगाव, मेळघाट, भामरागड या दुर्गम भागांच्या वाट्याचे कमी होणार नाही का? आजची व्यवस्था नेमके हेच करत आहे. कारखान्यांच्या पट्ट्यातले पन्नास हजार वस्तीचे गाव आणि डोंगरातला तीनशे उंबऱ्यांचा पाडा एकाच ‘ग्रामीण’ रकान्यात मोजले जातात. जिल्हा परिषदेच्या एकाच तिजोरीकडे दोघे हात पसरतात, आणि ज्याचे मतदार जास्त व ठेकेदार जवळचे, त्याचा रस्ता आधी होतो. सरासरी काढली की श्रीमंत गावे गरीब गावांची तहान झाकतात. निमशहरी वस्त्यांचा वेगळा रकाना केला, त्यांचा खर्च त्यांच्याच जमिनीतून निर्माण होणाऱ्या पैशावर बसवला, तर ग्रामीण विकासाचा निधी खऱ्या अर्थाने दुर्गम भागासाठी मोकळा होईल. विकास शुल्क, अधिमूल्य, जमीन-सदनिकांच्या व्यवहारांवरचा मुद्रांक शुल्क अधिभार आणि घरपट्टी हे सारे या वस्त्यांतच निर्माण होते. ते तिथेच किती खर्च होते, याचा हिशेब मात्र कोणत्याही एका कागदावर सापडत नाही.

गाव आणि शहर वेगवेगळे नियोजित करता येत नाहीत, याचा सर्वांत ठळक पुरावा पाणीच देते. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचे सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी पुणे शहर आणि हवेली, दौंड, इंदापूरची शेती यांच्यात वाटले जाते. शहराने वापरलेले पाणी शुद्ध करून त्यातले साडेसहा टीएमसी मुंढव्याच्या जॅकवेलमधून शेतीला परत द्यावे, असे ठरले होते. म्हणजे पुण्यातले मैलाशुद्धीकरण केंद्र नीट चालते की नाही, हा दौंडच्या शेतकऱ्याचा प्रश्न आहे. पण ते केंद्र चालवणाऱ्या संस्थेत त्याचे मत नाही. इचलकरंजी वर्षानुवर्षे पुरेशा पाण्यासाठी झगडते आहे. वारणेतून पाणी आणायचे ठरले तेव्हा नदीकाठच्या गावांनी विरोध केला, दूधगंगेवरच्या सुळकूड योजनेला कागल तालुक्याने. दोन्हीकडचे लोक आपापल्या जागी बरोबर आहेत. त्यांना एका टेबलाशी बसवणारी यंत्रणा संविधानाने १९९२ च्या ७४ व्या दुरुस्तीत दिली आहे: जिल्हा नियोजन समिती. पंचायती आणि नगरपालिका यांच्या योजना एकत्र करून पाणी व इतर साधनसंपत्तीची वाटणी, पायाभूत सुविधा आणि पर्यावरण यांचा विचार असलेला जिल्ह्याचा आराखडा तिने तयार करावा, असे अनुच्छेद २४३ झेडडी सांगतो. महाराष्ट्रात या समितीच्या बैठका होतात, पालकमंत्री अध्यक्ष असतात; पण चर्चा बहुधा वार्षिक निधी कोणत्या कामाला किती, इथेच संपते.

म्हणून माझ्या मागण्या नव्या खात्याच्या किंवा नव्या प्राधिकरणाच्या नाहीत. पहिली: निमशहरी वस्ती ही कायदेशीर वर्गवारी करावी. जनगणना शहराच्या कसोट्या ज्या ग्रामपंचायतीला लागू होतात, तिला ग्रामपंचायत ठेवूनच पाणी, सांडपाणी आणि कचरा यांचे नागरी मापदंड लागू व्हावेत आणि त्यासाठी अभियंता, आरोग्य निरीक्षक व नगररचनेचा माणूस मिळावा. याला आधार नाही असे नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी जनगणना शहरांच्या ग्रामपंचायतींवर नागरी संस्थांसारखीच जबाबदारी टाकली होती. जबाबदारी दिली, माणसे आणि पैसे दिले नाहीत, एवढीच उणीव राहिली. दुसरी: विकास शुल्काचा ठरावीक हिस्सा त्याच वस्तीच्या स्वतंत्र खात्यात जमा व्हावा आणि खर्चाचा तपशील ग्रामसभेपुढे यावा. पाण्याचा स्रोत सिद्ध झाल्याशिवाय मोठ्या गृहप्रकल्पाला परवानगी मिळू नये. हमीपत्र हा स्रोत नव्हे. तिसरी: नागरी क्षेत्रात जाणाऱ्या गावाचा कर टप्प्याटप्प्याने, सुविधा पोहोचतील तसा वाढावा, आणि गरीब कुटुंबांचे ग्रामीण लाभ संक्रमणकाळात तोडू नयेत. चौथी: जिल्हा नियोजन समितीने पाणी आणि जमीनवापराचा एकत्रित आराखडा करणे बंधनकारक करावे.

२०१६ मध्ये केंद्राने देशभरातल्या ३०० समूहांसाठी रूर्बन मिशन सुरू केले होते. त्यामागची कल्पना चांगली होती: गावांचा समूह निवडून शहराच्या सोयी तिथे न्यायच्या. पण ती ठरावीक समूहांपुरती, ठरावीक मुदतीची योजना होती. निधी संपला की देखभाल पुन्हा त्याच दुबळ्या पंचायतीकडे आली. योजना येतात आणि जातात. कायद्यातली वर्गवारी, कर्मचाऱ्यांचा आकृतिबंध आणि पैशाचा हक्काचा मार्ग या गोष्टी टिकतात. रोजगार हमीचा विचार याच राज्याने आधी केला, तोही योजनेपुरता न ठेवता १९७७ मध्ये कायदा करून. देशाने त्यातून धडा घेतला. निमशहरी वस्त्यांच्या बाबतीतही महाराष्ट्राला तशी वाट घालून देता येईल, कारण हा प्रश्न इतर अनेक राज्यांच्या आधी आणि अधिक तीव्रतेने आपल्याकडे आला आहे.

येत्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे. तिची आकडेवारी येईल तेव्हा महाराष्ट्रातल्या जनगणना शहरांची नवी यादी हाती पडेल, आणि ती २०११ पेक्षा लांब असण्याचीच शक्यता अधिक. ती पाहून समित्या नेमल्या, तर अहवाल येईपर्यंत आणखी एक पिढी टँकरवर वाढेल. आपण दोघांनी मिळून या वर्गवारीचे विधेयक त्याआधी विधिमंडळात आणावे, म्हणजे यादी जाहीर होताच त्यातल्या प्रत्येक गावाला आपले हक्क, आपले कर आणि आपला निधी ठाऊक असेल. ग्रामविकास आणि नगरविकास ही दोन खाती वेगळी असायला हरकत नाही. हद्दीवरच्या माणसाने पाण्यासाठी कोणाचे दार ठोठावायचे, याचे उत्तर मात्र दोघांकडून एकच यायला हवे.

आपला,
महाराष्ट्राचा एक नागरिक